तीन वर्षांचा दुखवटा आणि चिनी नीतिविचाराची जडणघडण

आई किंवा वडील वारले की तीन वर्षांचा दुखवटा. मुलाने जाडेभरडे कपडे घालायचे, साधे अन्न खायचे, गाणेबजावणे बंद ठेवायचे आणि सरकारी पदावर असेल तर पद सोडून घरी बसायचे. तिसरे वर्ष लागले की काळ पुरा धरत, म्हणजे प्रत्यक्षात 25 महिने. प्राचीन चीनमधल्या नीतिविचाराच्या मोठ्या कल्पना, म्हणजे रन (माणुसकी), ली (रीत), यी (योग्य ते करण्याची जाण) आणि श्याव (आईवडिलांविषयीचे कर्तव्य), या एका रिवाजावरच्या वादात घासून निघाल्या. त्यांचा इतिहास या वादातून जितका जिवंत कळतो, तितका व्याख्यांतून कळत नाही.

मागची परिस्थिती थोडक्यात अशी. चौंच्या आधी राज्य करणाऱ्या शांग घराण्यातल्या राजांच्या थडग्यांत बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे सापडतात. त्यांची राजधानी जिथे होती त्या आन्यांगच्या उत्खननात ते मोठ्या संख्येने निघाले. इ.स.पू. 11व्या शतकात चौ घराण्याने शांगांचा पाडाव केला आणि त्याचे समर्थन असे केले, की राज्य स्वर्गाच्या आज्ञेने मिळते आणि राजाचे वर्तन ढळले की ती आज्ञा काढून घेतली जाते. सत्तेला सदाचाराची अट जोडण्याची ही सुरुवात. पण इ.स.पू. 771 मध्ये चौंची पश्चिमेकडची राजधानी पडली, राजा लोयांगला गेला आणि नावापुरता उरला. मांडलिक आपापसांत लढू लागले, राजाला शोभणारे विधी त्यांचे सरदार करू लागले. लू राज्यातल्या जी घराण्याने आपल्या अंगणात नर्तकांच्या आठ रांगा नाचवल्या, हा मान फक्त राजाचा. ‘हे सहन होत असेल, तर काय सहन होणार नाही?’ असे कन्फ्यूशियस म्हणाला.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551–479) रीतीचा कैवारी होता, पण नुसत्या रीतीचा नव्हे. त्याचा शिष्य झाय वो एकदा म्हणाला, तीन वर्षे फार होतात, तितक्या काळात विधी आणि संगीत दोन्ही विसरायला होईल. वर्षभराने नवे धान्य येते, तेवढा दुखवटा पुरे. गुरूने त्याला नियम दाखवला नाही. विचारले, ‘वर्षभराने तांदूळ खाल्लास, भरजरी नेसलास, तर तुला बरे वाटेल?’ शिष्य म्हणाला, ‘वाटेल.’ ‘मग तसे कर.’ तो गेल्यावर कन्फ्यूशियस खिन्न होऊन म्हणाला, की याच्यात माणुसकी नाही. मूल तीन वर्षे आईबापांच्या कडेवर असते, यालाही ते प्रेम मिळाले होते ना?

माझ्या मते या संवादात सगळे बीज आहे. रीत बाहेरची, तिचा आधार आतली माणुसकी. आत काही नसेल तर बाहेरचे पाळून उपयोग नाही. आणि न पाळणाऱ्यावर सक्तीही नाही.

पुढच्या पिढ्यांत मोझी या विचारवंताने यावर थेट हल्ला केला. त्याची कसोटी साधी होती: या प्रथेने गरीब सुखवस्तू होतात का, लोकसंख्या वाढते का, राज्यात सुव्यवस्था येते का? लांब दुखवट्याने शेती पडून राहते, माणसे उपासाने खंगतात, नवरा-बायको दूर राहतात. म्हणून तीन इंच जाडीची शवपेटी, तीन कपडे, खाली पाणी लागणार नाही आणि वर दुर्गंधी येणार नाही इतपत खोल खड्डा, मग कामाला लागा. त्याने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. छिन राज्याच्या पश्चिमेला यीछू नावाचे लोक आईबापांचे प्रेत जाळतात आणि धूर वर गेला म्हणजे ते वर गेले असे मानतात. तिथे ते न करणारा मुलगा कर्तव्यच्युत ठरतो. म्हणजे लोक सवयीलाच धर्म समजतात. आपल्याकडे दहनालाच अंत्यसंस्कार मानणाऱ्याने हे वाचले की मोझीचा मुद्दा वेगळ्याच बाजूने लागू पडतो. च्येन आय, म्हणजे सर्वांविषयी सारखी आस्था, हे त्याचे तत्त्व याच हिशेबी वृत्तीतून आले. मोझी हिशेबी असला तरी कोरडा नव्हता. छू राज्य दुबळ्या सोंग राज्यावर चाल करणार हे कळल्यावर तो दहा दिवस, दहा रात्री चालत जाऊन ती लढाई टाळून आला, अशी कथा त्याच्या नावाच्या ग्रंथात आहे.

कन्फ्यूशियसपंथी मेन्शियसने (इ.स.पू. 4थे शतक) मोझीच्या यी झी नावाच्या अनुयायाला कोंडीत पकडले ते अंत्यसंस्कारावरूनच. सर्वांवर सारखे प्रेम सांगणाऱ्या यी झीने स्वतःच्या आईवडिलांना मात्र थाटात पुरले होते. मेन्शियस म्हणाला, पूर्वी लोक आईबापांचे प्रेत घळीत टाकून देत. एकदा कोणी तिथून जाताना कोल्हे लचके तोडताहेत, माश्या घोंगावताहेत असे पाहिले. त्याच्या कपाळाला घाम फुटला, त्याला बघवेना. तो घाम लोकांना दाखवायला नव्हता. तो घरी गेला, टोपली-फावडे घेऊन आला आणि माती लोटली. रीतीचा उगम असा माणसाच्या मनात. विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाला बघून कोणाचेही काळीज हलते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण याच विचाराचे. त्या कळवळ्याला त्याने माणुसकीचा अंकुर म्हटले.

पण मेन्शियसच्याच ग्रंथात एक अडचणीची नोंद आहे. थंग या छोट्या राज्याच्या राजपुत्राला त्याने तीन वर्षांचा दुखवटा सांगितला, तेव्हा भाऊबंद आणि अधिकारी म्हणाले, लूच्या राजांनी हे पाळले नाही आणि आमच्याही पूर्वजांनी नाही. म्हणजे ‘प्राचीन परंपरा’ म्हणून ज्याचा आग्रह धरला जात होता, ते राजघराण्यांतही चालत नव्हते.

त्याच पंथातल्या शुनझीने (इ.स.पू. 3रे शतक) माणसाच्या मूळ स्वभावावर भरवसा ठेवला नाही, चांगुलपणा प्रयत्नाने, शिकून येतो असे त्याचे मत. दुखवट्याबद्दल मात्र त्याच्याइतके हळवे कोणी लिहिलेले नाही. जोडीदार गमावलेला पक्षी जुन्या जागेवरून जाताना घिरट्या घालतो, चिमण्याही क्षणभर कलकलाट करतात. मग माणसाच्या दुःखाला अंत कसा असेल? काहीजण सकाळी गेलेल्याला संध्याकाळी विसरतात, काहींचे दुःख कधीच सरत नाही. रीत दोघांनाही मर्यादा घालून देते. ताओपंथी च्वांगझीच्या ग्रंथाने दुसरी वाट धरली: बायको गेल्यावर च्वांगझी भांडे वाजवत गात बसला होता, कारण जन्ममृत्यू त्याला ऋतूंसारखे वाटले.

पुढे राज्यसंस्थेने हा वाद आपल्या परीने मिटवला. हान सम्राट वू याने इ.स.पू. 136 मध्ये कन्फ्यूशियसपंथाच्या पाच अभिजात ग्रंथांसाठी दरबारी आचार्य नेमले. इ.स. 653 च्या थांग घराण्याच्या कायद्यात आईवडिलांच्या मृत्यूची बातमी लपवून दुखवटा टाळणाऱ्याला दोन हजार ली (इथे ली म्हणजे अंतराचे जुने चिनी माप) लांब हद्दपारीची शिक्षा होती. दुखवट्यात मूल झाले तरी वर्षभराची सक्तमजुरी. 1577 मध्ये मिंग दरबाराचा मुख्य मंत्री चांग च्युचंग वडिलांच्या निधनानंतर सम्राटाच्या आज्ञेने पदावर राहिला, तेव्हा विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना दरबारी फटक्यांची शिक्षा झाली. छिंग या शेवटच्या घराण्याच्या काळातही अधिकाऱ्याला पद सोडावे लागे, तेव्हा हा काळ 27 महिन्यांचा धरत. ‘तुला बरे वाटेल?’ हा प्रश्न त्या कायद्यांत कुठेच विचारलेला नाही.