डोळे समोर, लक्ष भलतीकडे

२००५ साली गुस्टाव्ह कून आणि बेंजामिन टॅटलर या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी जादू प्रयोगशाळेत नेली. कून स्वतः जादूगारही आहेत. जादूगार टेबलापाशी बसून सिगारेट तोंडात उलटी धरतो, लायटर जवळ नेतो, मग चूक लक्षात आल्यासारखं दाखवत सिगारेट काढून फिरवतो. पुन्हा पेटवायला जावं तर लायटर गायब! प्रेक्षक चकित होऊन रिकाम्या हाताकडे बघत असतानाच दुसऱ्या हातातली सिगारेट सरळ मांडीवर पडते. आडोसा कसलाच नाही. टेबलाच्या काठाच्या चांगलं वरून, डोळ्यांदेखत ती खाली येते.

बहुतेकांना ती पडताना दिसलीच नाही. निम्म्या जणांना सिगारेट गायब होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी त्यांच्यातलेही बहुतेक फसले. प्रत्येकाची नजर कुठे आहे हे एक यंत्र टिपत होतं. ज्यांना सिगारेट पडताना दिसली आणि ज्यांना नाही, त्यांची नजर त्या क्षणी साधारण सारख्याच जागी होती. तीच जादू दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा मात्र जवळपास सगळ्यांनी ती पकडली. डोळे तेच होते. या वेळी लक्ष नेमक्या जागी होतं.

जादूगार ज्याला मिसडायरेक्शन म्हणतात, ते खरं तर हे आहे. ‘तिकडे बघा’ म्हणून नजर वळवणं हा त्याचा सगळ्यात प्राथमिक आणि कच्चा प्रकार. मुरलेला जादूगार तुमची नजर हातावरच ठेवून तुमचं लक्ष काढून घेतो.

हे शक्य होतं, कारण आपल्याला वाटतं तेवढं आपण बघतच नाही. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या रुंदीएवढाच, म्हणजे जेमतेम दोन अंशांचा भाग डोळ्याला एका वेळी लख्ख दिसतो. बाकीचं धूसर. डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत तुकडे गोळा करतात आणि मेंदू सबंध चित्र उभं करतो. त्यातही ज्यावर लक्ष नाही, ते डोळ्यात शिरलं तरी जाणिवेपर्यंत पोहोचेलच असं नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बास्केटबॉलचे पास मोजायला लावले, तेव्हा खेळाडूंच्या मधून गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत गेली आणि ती सुमारे निम्म्या प्रेक्षकांना दिसली नाही.

मला त्याहून विलक्षण वाटतो तो कून आणि मायकेल लँड यांचा २००६ सालचा प्रयोग. जादूगाराने चेंडू दोनदा वर फेकून झेलला. तिसऱ्यांदा नुसता हात हलवला, चेंडू हातातच राहिला. त्याची मान आणि नजर न फेकलेल्या चेंडूमागे वर गेली, तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोकांना चेंडू हवेत जाऊन नाहीसा झालेला ‘दिसला’. त्याने नजर हातावर ठेवली तर हे प्रमाण एक तृतीयांशावर आलं. गंमत अशी की प्रेक्षकांचे स्वतःचे डोळे चेंडूच्या त्या काल्पनिक जागेपर्यंत गेलेच नव्हते. ते बघत होते जादूगाराच्या चेहऱ्याकडे. समोरचा माणूस कुठे बघतो, यावरून काय घडतंय हे ताडायची आपल्याला इतकी सवय आहे.

म्हणून शिकणाऱ्याने बोटांइतकाच घाम नजरेवर गाळायला हवा. नाणं गायब करण्याची जुनी पद्धत घ्या. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नाणं धरायचं. उजवा अंगठा नाण्याखालून घालायचा आणि उजवी बोटं वरून मिटताना नाणं हळूच डाव्या तळहातात सोडायचं. मग रिकामी उजवी मूठ बाजूला न्यायची. हे जमायला फार वेळ लागत नाही. अवघड पुढे आहे: नाणं डावीकडे आहे हे माहीत असूनही आपली नजर उजव्या मुठीवर ठेवायची आणि डावा हात ताठरू द्यायचा नाही. यावर एकच इलाज आहे. आधी नाणं खरोखर उजव्या हातात घ्यायचं, पुन्हा पुन्हा घ्यायचं, आणि त्या वेळी मान, खांदे, डोळे काय करतात ते नीट न्याहाळायचं. खोटं घेताना हुबेहूब तेच करायचं.

हात कसा न्यायचा, हेही महत्त्वाचं. हातचलाखीने लोकांचे खिसे रिकामे करून दाखवणारे अपोलो रॉबिन्स यांना अनुभवाने वाटत होतं, की हात कमानीसारखा वळवत नेला तर प्रेक्षक त्याच्याच मागे राहतात. सरळ रेषेत नेला तर नजर उडी मारून शेवटच्या टोकाला जाते आणि लगेच परतते. २०११ साली संशोधकांनी त्यांच्यासोबतच हे तपासलं, तेव्हा वक्र हालचालीने प्रेक्षक जास्त फसतात असं दिसलं.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९४ साली जादूगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी हातांचे एकापाठोपाठ एक फोटो घेतले होते, आणि प्रत्यक्षात चकवणारी हातचलाखी फोटोंत उघडी पडत होती. मोबाइलवर सराव रेकॉर्ड केलात तर तुमचंही तसंच होईल, त्याने खचू नका. नाणं दिसणारच. व्हिडिओत बघायचं ते हे, की त्या क्षणी तुमचे डोळे उजव्या मुठीवर होते की क्षणभर डावीकडे गेले.