सॉलिड-स्टेट बॅटरीचं घोडं कुठे पेंड खातं?

विजेवरच्या गाडीतली आजची लिथियम-आयन बॅटरी आतून ओली असते. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ये-जा करतात ते एका ज्वालाग्राही द्रवातून. त्याजागी घन पदार्थ आला, म्हणजेच बॅटरी सॉलिड-स्टेट झाली, तर आगीचा धोका घटतो आणि तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावण्याची शक्यता वाढते. असा पदार्थ नाही असं नाही. 2011 मध्ये जपानच्या र्‍योजी कान्नो यांच्या गटाने गंधकयुक्त घन पदार्थ बनवला; त्यातून आयन जवळपास द्रवाइतक्याच वेगाने धावतात. तरीही अशी बॅटरी गाडीत बसवायला टोयोटा अजून 2027-28 चीच भाषा करते.

अडतं ते कारखान्यात. द्रव ओतला की आपोआप प्रत्येक फटीत शिरतो. घन पदार्थाच्या भुकटीचं तसं नाही. कणाला कण टेकला नाही, तर आयनाची वाट तिथेच खुंटते. म्हणून ती दाबायची, तीही हवेच्या दाबाच्या काही हजार पटींनी. एक पद्धत अशी: सेल (बॅटरीचा एक सुटा घटक) पिशवीत सीलबंद करून पाण्याच्या टाकीत ठेवायचा आणि चहूबाजूंनी दाब द्यायचा. दाब सगळीकडे सारखा बसतो, पण टाकी भरा, बंद करा, दाबा, उघडा, पुन्हा भरा. वर्षाला लाखो गाड्या काढणाऱ्याला असे घाणे घालत बसणं कसं परवडणार?

होंडाने जपानच्या तोचिगी प्रांतातल्या साकुरा इथे 27,400 चौरस मीटरची प्रायोगिक लाइन उभारली, तिथे रोलर आहेत. रसवंतीतल्या चरकातून ऊस जावा तशी पट्टी न थांबता दाबली जाते. मात्र थर वेगवेगळ्या पदार्थांचे असल्याने एक जास्त ताणला, दुसरा कमी, की कडेला तडा गेलाच.

गंधकयुक्त पदार्थाचं आणखी एक दुखणं म्हणजे दमटपणा. ओलावा लागताच त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्यांसारखा वास आणि विषारी. त्यामुळे काम चालतं ते वजा 40 अंश किंवा त्याहून खालच्या दवबिंदूच्या, म्हणजे अतिशय कोरड्या हवेच्या खोल्यांत. माणसाच्या श्वासातली वाफही तिथे हिशेबात धरावी लागते, आणि हवा इतकी कोरडी ठेवायला वीज भरपूर खर्च होते. गंमत म्हणजे यासाठी लागणारं लिथियम सल्फाइड बनवायला टोयोटाने हात मिळवलाय तो इदेमित्सु या तेल कंपनीशी, कारण तेलशुद्धीकरणात गंधक आपसूक निघतोच.

सिरॅमिकच्या वाटेने गेलं तर हा वायू नाही, पण भट्टी आली. हजार अंशांच्या वर भाजताना लिथियम उडून जातं आणि पातळ पापुद्रा पटकन तडकतो. अमेरिकेतल्या क्वांटमस्केपने 2025 मध्ये 'कोब्रा' नावाची वेगवान भाजणी नेहमीच्या उत्पादनात आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकला तिचे सेल एका डुकाटी मोटरसायकलवर दिसले. गाडी अजून बाकी आहे.