शल्की: मुंबईत बांधलेल्या पहिल्या पाणबुडीची पार्श्वभूमी

आयएनएस शल्की ही देशात बांधलेली पहिली पाणबुडी. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा पाणबुडी दलाला २४ वर्षे झाली होती. ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात पहिली कलवरी दाखल झाली आणि १९७४ पर्यंत फॉक्सट्रॉट जातीच्या आठ सोव्हिएत पाणबुड्या आल्या. तीन डिझेल इंजिने, तीन पंखे (प्रोपेलर), पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या, लांबी ९१ मीटर. या पाणबुड्यांवर आपले पाणबुडी चालवणारे नौसैनिक तयार झाले. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा त्यांच्यापैकीच एक. पण पाणबुडी चालवणे आणि बांधणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

बांधणी शिकण्यासाठी ११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी करार झाला. टाइप २०९/१५०० जातीच्या चार पाणबुड्या ठरल्या. शिशुमार आणि शंकुश कील शहरात बांधून १९८६ मध्ये दाखल झाल्या. शल्की आणि शंकुल मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या होत्या. त्यासाठी गोदीतले कारागीर आणि अभियंते जर्मनीत शिकून आले.

रचना फॉक्सट्रॉटपेक्षा पार वेगळी होती. लांबी ६४.४ मीटर, पंखा एकच, आठही टॉर्पेडो नळ्या नाकाडात, दल सुमारे ४० जणांचे. फॉक्सट्रॉटमध्ये पृष्ठभागावर असताना डिझेल इंजिने थेट पंखे फिरवत. इथे चारही इंजिने फक्त जनित्र फिरवतात. पंखा कायम विद्युत मोटरवर चालतो. पाण्याखाली वेग २२ नॉटपर्यंत जातो, पृष्ठभागावर मात्र जेमतेम ११. भारतीय नौदलाच्या आग्रहाखातर यात बचाव गोलकही बसवला गेला. अपघात झाल्यास अख्खे दल त्यात शिरते आणि गोलक सुटून वर येतो. जर्मन बनावटीच्या पाणबुड्यांमध्ये ही सोय तेव्हा नवी होती, आणि तिच्यासाठी जागा व वजन खर्ची घालण्याचा निर्णय योग्यच होता.

खरी परीक्षा पाण्याचा दाब पेलणाऱ्या कवचाची. २५० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २५ किलोचा दाब येतो. कवचाचे कडे अचूक गोल असेल तर तो सर्वत्र सारखा वाटला जातो. गोलाई थोडी जरी बिघडली तरी तिथे पत्रा वाकू लागतो आणि कवचाला आधार देणाऱ्या दोन बरगड्यांमधला भाग दुमडण्याचा धोका वाढतो. उच्च बलाचे पोलाद जोडताना आधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते आणि वेल्डिंगचे इलेक्ट्रोड भट्टीत कोरडे ठेवावे लागतात. ओल राहिली तर हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि भेग लगेच नव्हे, दोन-तीन दिवसांनीही पडू शकते. म्हणून थांबून, मग क्ष-किरण आणि अल्ट्रासोनिक तपासणी करतात. नापास सांधा खोदून पुन्हा भरायचा, पुन्हा तपासायचा. प्रत्येक दुरुस्तीची उष्णता कड्याची गोलाई थोडी बिघडवते, म्हणूनच पहिल्या फटक्यात चांगले वेल्डिंग करणारा माणूस इथे लाखमोलाचा.

शल्कीची बांधणी ५ जून १९८४ रोजी सुरू झाली, जलावतरण ३० सप्टेंबर १९८९ रोजी झाले. सुरुवातीपासून दाखल होईपर्यंत साडेसात वर्षांहून अधिक काळ लागला. शंकुलला पावणेपाच वर्षे पुरली (सप्टेंबर १९८९ ते २८ मे १९९४). हात बसला होता, त्याचा हा हिशेब. आणि नेमके तिथेच काम थांबले. करारात आणखी दोन पाणबुड्यांची तरतूद होती, पण १९८७ मध्ये दलालीचे आरोप झाले आणि ती बारगळली. पुढचा करार, स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्यांचा, ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. अकरा वर्षे नव्या कवचाचे काम नसताना वेल्डर कुठे टिकणार? पहिली स्कॉर्पीन २०१२ मध्ये अपेक्षित होती. नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. सामग्री उशिरा आली हे खरे, पण तंत्रज्ञान पुन्हा मुळापासून आत्मसात करावे लागले, हेही तितकेच खरे.

सेवेत असताना सगळे गणित बॅटरीभोवती फिरते. नव्या कलवरीत ३६० सेल, प्रत्येकी ७५० किलोचे, म्हणजे एकूण २७० टन. त्या चार्ज करायला पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन स्नॉर्कल (हवा घेणारी नळी) वर काढावा लागतो, आणि तेवढा वेळ इंजिनांचा आवाज व रडारवर दिसणारी नळी यांमुळे पाणबुडी उघडी पडते. लाट आली की स्नॉर्कलची झडप मिटते, इंजिने आतलीच हवा ओढतात, कानांना दडे बसतात. आतल्या हवेचा दाब फार उतरला तर इंजिने बंद होतात. चार्जिंगच्या शेवटी शिसे-आम्ल सेलमधून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरेशी ठरते, म्हणून बॅटरी कक्षाची हवा सतत खेळती ठेवतात. समुद्राचे पाणी सेलमध्ये गेले तर विषारी क्लोरीन तयार होतो.

शिशुमार वर्गाच्या पाणबुड्या आता वयाच्या चाळिशीकडे आल्या आहेत. ३० जून २०२३ रोजी शंकुशच्या आयुष्यवाढीच्या दुरुस्तीचा २,७२५ कोटी रुपयांचा करार झाला आणि काम पुन्हा माझगाव डॉककडेच आले.