जुने गोमंतकीय फर्निचर परदेशी ग्राहकाला ऑनलाइन विकताना : पात्रता, दाखले आणि अर्ज

सासष्टीतल्या किंवा बार्देशातल्या एखाद्या जुन्या घरातील शिसवी पलंग किंवा वेताच्या विणीची आरामखुर्ची ईबे, एट्सी, फर्स्टडिब्स यांसारख्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बाजारात विक्रीस ठेवणे हे आता फोनवरून काही मिनिटांत होणारे काम आहे. ती वस्तू कायद्याने देशाबाहेर जाऊ शकते की नाही, हा प्रश्न मात्र त्या बाजाराच्या नियमांनी सुटत नाही. एट्सीच्या लेखी किमान २० वर्षे जुनी वस्तू ‘व्हिंटेज’ ठरते. भारतीय कायदा हा शब्द वापरत नाही, तो १०० वर्षांची रेघ ओढतो.

पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेली कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्यानुसार पुरावस्तू ठरते आणि तिची निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. इतर कोणी अशी निर्यात केल्यास किंवा करण्याचा प्रयत्न केल्यास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. देशातल्या देशात पुरावस्तू विकण्याचा धंदा करण्यासही परवाना लागतो. ही रेघ दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते, त्यामुळे आजोबांच्या लग्नात घडवलेले कपाट काही वर्षांपूर्वी निर्यातयोग्य असले तरी आज ते तसे असेलच असे नाही.

म्हणून विक्रीची जाहिरात लिहिण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घेणे श्रेयस्कर. त्यासाठी सर्वेक्षणाच्या गोवा मंडळाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही यावर वाद उद्भवल्यास सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम मानला जातो. अर्जासोबत सर्व बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, मापे, लाकडाचा प्रकार आणि वस्तू कोणाकडून, कधी मिळाली याचा तपशील द्यावा. दर्शनी भागाच्या सुंदर छायाचित्रापेक्षा खणाच्या पाठीचे, सांध्यांचे आणि खुर्चीच्या खालच्या अंगाचे छायाचित्र तज्ज्ञांच्या अधिक उपयोगी पडते, कारण वय तेथेच लपलेले असते. उदाहरणार्थ, अधिक चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात वापरात आले. ते मूळचेच असतील, नंतरच्या दुरुस्तीतले नसतील, तर वस्तू त्यापूर्वीची नाही. सुताराची पावती, नावाची चिठ्ठी किंवा तारीख असलेला जुना कौटुंबिक फोटोही जोडावा.

येथे विक्रेत्यांची एक सवय नडते. चांगला भाव यावा म्हणून साठ-सत्तर वर्षांच्या खुर्चीला जाहिरातीत ‘दीडशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीजकालीन’ असे बिनधास्त लिहिले जाते आणि सीमाशुल्क विभागापुढे मात्र तीच खुर्ची अलीकडची असल्याचे सांगावे लागते. जाहिरात सर्वांना दिसते, अधिकाऱ्यांनाही दिसते. दाखल्यात, बिलात आणि जाहिरातीत वय एकच असले पाहिजे.

दुसरी कसोटी लाकडाची. सागवान सायटीस या, संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत नाही, परंतु शिसवीसह डाल्बर्जिया वंशातील झाडे २ जानेवारी २०१७ पासून तिच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे ज्यांच्या निर्यातीला कागदपत्रे लागतात त्या वर्गात आहेत. तयार वस्तूंना १० किलोपर्यंतच्या लाकडाची सवलत आहे. हलकी खुर्ची तीत बसू शकेल, पलंग किंवा कपाट बसणे कठीण. अशा वेळी वस्तू ही नोंद होण्यापूर्वीची असल्याचे दाखवून भारताच्या सायटीस व्यवस्थापन प्राधिकरणाकडून करारपूर्व दाखला मिळवावा लागतो. वस्तूवर हस्तिदंताचे जडावकाम असेल तर विचार तेथेच थांबवावा, कारण हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

मालकीचा पुरावा हा गोव्यात वेगळाच विषय आहे. येथील वारसा कायद्यानुसार वाटणी होईपर्यंत वडिलोपार्जित घरातील सामानावर सर्व वारसांचा सामाईक हक्क असू शकतो आणि त्यातले अर्धे बहुधा लिस्बन, लंडन किंवा आखातात असतात. वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरी कार्यवाहीचा (न्यायालयापुढील वारसा-वाटणीचा) आदेश असल्यास त्याची प्रत, नसल्यास सर्व वारसांची लेखी संमती फाइलमध्ये ठेवावी. विकत घेतलेल्या वस्तूसाठी विक्रेत्याचे सहीचे बिल ठेवावे.

व्यापारी नोंदण्या त्या मानाने सोप्या आहेत. आयात-निर्यात कोडसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश आणि ५०० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. कोड दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. जीएसटी नोंदणी घ्यावी. निर्यात शून्य दराने होत असल्याने आरएफडी-११ या नमुन्यात हमीपत्र दिल्यास कर न भरता माल पाठवता येतो. बँकेकडून एडी कोड (परकीय चलन व्यवहारांसाठी बँकेच्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो सीमाशुल्काच्या आइसगेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवावा आणि रक्कम आल्यावर परकीय चलन जमा झाल्याचा दाखला मागून घ्यावा.

मोठे फर्निचर सहसा कुरिअरने जात नाही; ते बहुधा मालवाहू जहाजातून जाते आणि शिपिंग बिल (निर्यातीचे सीमाशुल्क घोषणापत्र) सीमाशुल्क दलालामार्फत दाखल करणे बरे. खोक्याचे लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गाभ्यात ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले किंवा मान्य धुरीकरण केलेले असावे आणि त्यावर तसा शिक्का असावा. धुरीकरणाचा वेगळा दाखला लागेल का, हे ग्राहकाच्या देशावर अवलंबून असल्याने सौदा पक्का होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. अमेरिकेतील ग्राहक लाकडाचे शास्त्रीय नाव मागेल. ते बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार रोखणाऱ्या तेथील लेसी कायद्यासाठी असते.

उलट दिशेने, परदेशातून जुने फर्निचर मागवणाऱ्यांची गफलत अधिक होते. भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या मालाची आयात भारतात निर्बंधित (पूर्ण बंदी नसलेल्या) वर्गात मोडते आणि त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आधी प्राधिकार घ्यावा लागतो. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातील खुर्ची आधी विकत घेऊन मग अर्ज केल्यास ती बंदरात अडकते आणि भाडे वाढत राहते. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांचे घरसामान मात्र बॅगेज नियमांखाली येते. तसेच परदेशी ग्राहकाने विकलेली वस्तू नापसंत करून परत पाठवली, तर ती येथून गेलेलीच वस्तू आहे हे सीमाशुल्काला दाखवावे लागते. त्यासाठी निर्यातीचे शिपिंग बिल आणि त्या वेळची छायाचित्रे सौदा पूर्ण झाल्यावरही टाकून देऊ नयेत.