‘साहेब, एक मिनिट आहे का?’ : व्यवस्थापकाची शक्ती कुठे खर्च होते

विभागप्रमुख म्हणून काम करणाऱ्या कोणाशीही मोकळेपणाने बोलले की एक तक्रार हमखास ऐकू येते : विभागात माणसे दहा-बारा असली, तरी डोके खाणारे एक-दोघेच असतात. एखाद्याला प्रत्येक गोष्ट विचारूनच करायची असते, एखाद्याचे सहकाऱ्यांशी सतत खटके उडतात, तर एखादा काम अर्धवट करून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवतो. ही तक्रार खरी आहे. मात्र ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून ती सोडून देण्याचे कारण नाही. मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत केलेल्या अभ्यासातून असे दिसते, की या दमणुकीचा मोठा भाग त्या व्यक्तीच्या स्वभावापेक्षा तिच्या आणि तिच्या वरिष्ठाच्या देवाणघेवाणीत तयार होतो, आणि ती देवाणघेवाण बदलता येते.

मुळात व्यवस्थापकाचा दिवसच तुकड्यातुकड्यांचा असतो. कॅनडातील संशोधक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांच्या कामाचे प्रत्येकी एक आठवडा शेजारी बसून निरीक्षण केले. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या प्रमुखांची निम्मी कामे 9 मिनिटांच्या आत आटोपत होती आणि तासाभराहून अधिक चालणारी कामे जेमतेम 10 टक्के होती. अशा दिवसात ‘एक मिनिट आहे का?’ असे कोणी विचारले, तर ते मिनिट मोकळ्या वेळातून येत नाही. ते चालू कामाचा धागा तोडूनच द्यावे लागते.

धागा तुटण्याची किंमत त्या मिनिटापेक्षा बरीच जास्त असते. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये मांडलेल्या संशोधनात असे आढळले, की अपुरे राहिलेले काम बाजूला ठेवून दुसऱ्या कामाकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो आणि त्यामुळे दुसरे काम कमी प्रतीचे होते. म्हणजे अंदाजपत्रकाच्या मध्यावर तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे धड ऐकून घेतले जात नाही, त्यामुळे त्याचे समाधान होत नाही, आणि तो पुन्हा येतो. याच लरॉय यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर 2018 मध्ये एक अगदी साधा उपाय तपासला. हातातले काम सोडण्यापूर्वी आपण कुठवर आलो आणि परतल्यावर पुढे काय करायचे, एवढेच थोडक्यात लिहून ठेवले, तर मागे रेंगाळणारे लक्ष कमी होते आणि मध्येच आलेले काम अधिक चांगले होते.

आता हे काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेमके कसे सरकते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. एका सहकारी बँकेची शाखा डोळ्यांसमोर आणावी. ठेवीदाराचे निधन झाले आहे, नामनिर्देशित मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला आहे, पण दाखल्यावरील नाव आणि ठेवपावतीवरील नाव यांत एका अक्षराचा फरक आहे. अशा वेळी कोणती कागदपत्रे मागायची हे लिपिकाला ठाऊक असते, कारण त्याने अशी प्रकरणे पूर्वी हाताळलेली असतात. तरीही तो फाइल घेऊन शाखाधिकाऱ्यांकडे जातो : ‘मॅडम, नावात फरक आहे, काय करू?’ मॅडमच्या हातात दुसरे काम असते. त्या म्हणतात, ‘ठेवा, बघते.’ एवढ्यात काम लिपिकाचे राहिले नाही, मॅडमचे झाले. संध्याकाळी तोच लिपिक विचारतो, ‘मॅडम, त्या फायलीचं झालं का?’ आता पाठपुरावा कनिष्ठ करतो आहे आणि उत्तर वरिष्ठ देत आहेत. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी 1974 मध्येच या उलट्या प्रवासाचे अचूक वर्णन केले होते. मॅडमनी ‘तुम्हाला काय योग्य वाटतं ते कारणासह टिपणात लिहा आणि उद्या 11 वाजता दाखवा’ असे म्हटले असते, तर फाइल लिपिकाच्याच टेबलावर राहिली असती.

अर्थात एकदा असे म्हणून भागत नाही. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी 1957 मध्ये कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले, की चकती टोचली की दर वेळी दाणा मिळणारे कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर टोचायचे थांबते, पण अधूनमधून, अनिश्चित वेळी दाणा मिळालेले कबुतर कितीतरी काळ टोचत राहते. कार्यालयातील माणसांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तरीही जो वरिष्ठ चार वेळा ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो आणि पाचव्या वेळी कंटाळून स्वतःच निर्णय देऊन टाकतो, तो विचारत राहण्याची सवय नकळत पक्की करतो. बदल केल्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत विचारणा वाढण्याचाही संभव असतो. तेव्हा माघार घेतली, तर आधीपेक्षा वाईट स्थिती होते.

एवढे करूनही फरक पडला नाही, की वरिष्ठाच्या मनात ‘हा माणूसच असा’ असा शिक्का तयार होतो. या शिक्क्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. टेरेन्स मिचेल आणि रॉबर्ट वुड यांनी 1980 मध्ये रुग्णालयातील परिचारिकांच्या पर्यवेक्षकांपुढे कामातील चुकांचे प्रसंग ठेवले. समजा, पलंगाचा कठडा वर करायचा राहिला. रुग्ण पडला नाही, तर ती किरकोळ चूक ठरते. पडला, तर तीच चूक परिचारिकेच्या निष्काळजी स्वभावाची खूण ठरते. मिचेल आणि वुड यांना नेमके हेच दिसले : परिणाम गंभीर असला की पर्यवेक्षक दोष व्यक्तीकडे अधिक देत होते आणि शिक्षेकडे अधिक झुकत होते. पूर्वीची नोंद वाईट असली तरी दोष व्यक्तीकडेच जाई. त्या पाळीत परिचारिका किती होत्या, कठडा नादुरुस्त होता का, हे प्रश्न मागे पडतात. म्हणून कोणाला ‘त्रासदायक’ ठरवण्यापूर्वी त्याला सूचना स्पष्ट दिल्या होत्या का, निर्णयाचे अधिकार होते का आणि शिकवणे पुरेसे झाले होते का, हे तपासणे ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही. निदान बरोबर होण्यासाठी ते आवश्यक असते.

निदानानंतर बोलावे लागतेच, आणि तेथेही पारंपरिक समजूत अपुरी पडते. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये कामाविषयी दिलेल्या अभिप्रायांचे 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होत होता, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आणखी बिघडले होते. त्यांच्या मते बोलणे कामावरून माणसाच्या ‘स्व’वर घसरले, की परिणाम उतरतो. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ या वाक्यानंतर माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो. ‘या महिन्यात तीन अहवाल मुदतीनंतर आले, पुढचा 5 तारखेला हवा’ यावर काहीतरी करता येते.

काही माणसे मात्र खरोखर घातक असतात. विल फेल्प्स, एलायझा बायिंग्टन आणि वर उल्लेखिलेले मिचेल यांनी 2006 मध्ये अशा वर्तनाचे तीन प्रकार सांगितले : वाट्याचे काम टाळणे, सतत निराशा व चीड पसरवणे, आणि सहकाऱ्यांशी वागण्याचे साधे संकेत मोडणे. सहकाऱ्यांना शक्य असेल, तर ते आधी अशा माणसाला समजावतात किंवा त्याला दूर ठेवतात. पण ज्या सहकाऱ्यांच्या हाती काहीच अधिकार नसतात, ते अंग राखू लागतात, मूकपणे अंतर ठेवतात, आणि मग सगळ्या गटाचेच काम ढासळते. या टप्प्यावर आणखी एकदा समजावून पाहण्यात इतरांचे नुकसान होते. त्या व्यक्तीचे काम इतरांपासून वेगळे करणे, अपेक्षा आणि मुदत लेखी देणे, आणि त्यानेही बदल झाला नाही तर नियमानुसार पुढची कारवाई करणे, ही वरिष्ठाचीच जबाबदारी असते. कारण त्या विभागातील बाकीच्या आठ-दहा माणसांपैकी कोणालाच ते करण्याचा अधिकार नसतो.