ओसला

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील एक डोंगरी गाव व हर की दून या उंच खोऱ्याच्या पायवाटेवरील शेवटची कायम वस्ती. टोन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात, गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या (स्थापना १९५५) हद्दीत सु. २,६०० मी. उंचीवर ते वसले आहे.

गावातील देवदार व दगड यांचे कोरीव देऊळ प्रवासवर्णनांतून ‘दुर्योधनाचे देऊळ’ म्हणून गाजले. गावकरी मात्र ते सोमेश्वराचे असल्याचे सांगतात. एका मतानुसार मूळ दैवत दुर्योधनच. बाहेरच्यांची ये-जा वाढल्यावर ते नाव मागे पडून शिवाचे नाव पुढे आले. याच खोऱ्यात नैटवाडजवळ देवरा येथे कर्णाचेही देऊळ आहे, ही गोष्ट या मताच्या बाजूने जाते. दुसऱ्या मतानुसार दैवत स्थानिक असून महाभारतातील नाव त्याला मागाहून चिकटले. हे अधिक सयुक्तिक वाटते. या भागात देव हाच मुलखाचा राजा. तो पालखीतून आपल्या गावांची फेरी करतो आणि अंगात आलेल्या ‘माली’च्या (देवाच्या माध्यमाच्या) तोंडून निवाडा देतो. अशा देवाला महाभारतातल्या राजाचे नाव मिळणे अवघड नाही. दुर्योधन पडल्यावर प्रजेने ढाळलेल्या आसवांची टोन्स झाली, ही कथा पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण टोन्स हे ‘तमसा’चे रूप मानले जाते व त्या नावाची नदी मध्य प्रदेशातही आहे. देवळाच्या बांधणीवरून काळ ठरवणेही धोक्याचे, कारण डागडुजीत लाकूड बदलले जाते.

सांकरीहून जीपचा कच्चा रस्ता तालुक्यापर्यंत जातो (हे गावाचेच नाव, तहसील मोरी). तेथून नदीकाठाने ओसला पायी सु. १२ किमी. पदयात्री बहुधा ओसल्यात न थांबता नदीपलीकडे सीमा नावाच्या वस्तीत मुक्काम करतात. पुढचा टप्पा हर की दून (३,५६६ मी.), तेथून स्वर्गारोहिणी (६,२५२ मी.) समोर दिसते. ‘दून’ म्हणजे खोरे, डेहराडूनमधले तेच.

राजमा, बटाटा, चौलाई (राजगिरा) ही पिके व मेंढपाळी यांवर गावाचा निर्वाह चालतो. चालता चालता टकळीवर लोकर कातणारे पुरुष वाटेत भेटतात. मोसमात हमाली, वाटाड्याचे काम व खेचरांचे भाडे यांची जोड मिळते.