चार मीटर, बाराशे सीसी आणि हॉट हॅच

दम असलेली हॅचबॅक, म्हणजे हॉट हॅच, हवी म्हणून शोरूमची पायरी चढणाऱ्याला आज फार डोकं चालवावं लागत नाही, कारण निवडायला फारसं काही उरलेलंच नाही. एका टोकाला 120 पीएसची ह्युंदाई आय20 एन लाइन आहे (पीएस आणि बीएचपी ही इंजिनाची ताकद मोजायची जवळपास सारखीच मापं). दुसऱ्या टोकाला परदेशातून पूर्ण बांधून आलेली 265 पीएसची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. 2025 च्या मे महिन्यात ती आली तेव्हा तिची शोरूम किंमत 53 लाखांच्या घरात होती. तिच्या शेजारी फार तर मिनी कूपर एस उभी करता येईल. मधल्या सगळ्या पट्ट्यात एसयूव्ही ढिगानं मिळतात, सेडान मिळतात, पण दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावंसं वाटेल अशी हॅचबॅक मिळत नाही.

ही पोकळी कशी पडली ते बॉनेट उघडून कळणार नाही. त्यासाठी 2006 चा केंद्रीय अर्थसंकल्प उघडावा लागतो.

युरोपातली कूळकथा बहुतेकांना पाठ आहे. 1975 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दिसली आणि 1976 मध्ये विक्रीला आली. 5,000 गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा होरा होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या गेल्या. 1.6 लिटरचं इंजिन, 110 पीएस, वजन जेमतेम 810 किलो, शून्य ते शंभर साधारण 9 सेकंदांत. त्याआधी मिनी कूपर होतीच, नंतर 1984 मध्ये पुजो 205 जीटीआय आली. हा 9 सेकंदांचा आकडा मात्र लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे या जातीची पहिली खरी गाडी कोणती, यावर वाद घालायला आवडणारे लोक पुष्कळ आहेत. झेनवाले झेनचं नाव घेतात. हलकी, चपळ आणि रॅलीत गाजलेली गाडी होती हे मान्य. पण मूळ झेनमध्ये 993 सीसीचं इंजिन आणि सुमारे 50 बीएचपी, म्हणजे गरम होण्याइतकं सरपण नव्हतंच. माझं मत फियाटच्या पालिओ 1.6 जीटीएक्सला. 2001 मध्ये आलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, 100 बीएचपीची हॅचबॅक. 10 नंबरची जर्सी घालणारा फलंदाज तिची जाहिरात करायचा आणि त्या आकड्याच्या नावानं तिची खास आवृत्तीही निघाली होती. गाडी जड होती, पेट्रोल पिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नापुढे मालक मान खाली घालायचे. जुन्या खंडाळा घाटात ती तिसऱ्या गिअरवर टाकणाऱ्यांना मात्र हा प्रश्न कधी पडला नाही.

2005 च्या मे महिन्यात स्विफ्ट आली. इंजिन 1.3 लिटरचं, 87 बीएचपी. आकडा पालिओपेक्षा लहान, पण गाडी हलकी आणि वळणावर पकड चांगली. तरुण पोरांनी बापाच्या पैशानं घेतलेली आणि स्वतःच्या मनासारखी चालवलेली ही पहिली गाडी. इथून पुढे 100, 120, 140 अशी चढण लागणार असं वाटत होतं.

तेवढ्यात फुटपट्टी आली. फेब्रुवारी 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के झालं, आणि छोटी गाडी म्हणजे काय याची व्याख्याही ठरली. लांबी 4,000 मिलिमीटरच्या आत. पेट्रोल इंजिन असेल तर 1,200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1,500 सीसीपर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. एक चुकली की गाडी मोठ्यांच्या रांगेत.

हेतू वाईट नव्हता. छोट्या गाड्या बनवण्याचं जागतिक केंद्र भारतात व्हावं, सामान्य माणसाला गाडी स्वस्त पडावी, रस्त्यावर जागा कमी अडावी. केंद्र बऱ्याच अंशी झालंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाद आहे तो मापांवर. चारच मीटर का? बाराशेच का? त्या काळी सर्वाधिक खपणाऱ्या गाड्या बघा: ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो. सगळ्या 1,100 सीसीच्या आत आणि चार मीटरपेक्षा बऱ्याच आखूड. म्हणजे त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही, फक्त किंमत उतरली. ज्यांना बाराशेच्या वर जाऊन काही वेगळं करायचं होतं, त्यांच्यासाठी मात्र दार लोटलं गेलं. रेष अशी आखली गेली की आधीपासून आत असलेले आतच राहिले, असं टीकाकार म्हणतात. मला त्यात तथ्य वाटतं.

शिवाय या व्याख्येत गाडीचं वजन नाही, धूर नाही, इंधनाचा वापर नाही, ताकदही नाही. मोजलं जातं ते बंपरपासून बंपरपर्यंतचं अंतर आणि सिलिंडरची पोकळी. त्यामुळे कंपन्यांनी गाडी बदलण्याऐवजी कात्री हातात घेतली. इंडिगोची डिकी छाटून 2008 मध्ये सीएस आली. डिझायर आधी 4,160 मिलिमीटरची होती, 2012 मध्ये ती 3,995 ची झाली. मागून पाहिली की सुताराकडे लाकूड कमी पडलं असावं असं वाटायचं. सेडानची ही दैना सगळ्यांना दिसली आणि तिच्यावर विनोदही झाले. हॅचबॅकचं नुकसान दिसलं नाही, कारण ते बॉनेटखाली झालं.

स्विफ्टचं 1.3 लिटरचं इंजिन 1,298 सीसीचं होतं. मर्यादेबाहेर फक्त 98 सीसी. 2010 मध्ये त्याच्या जागी 1.2 लिटरचं, 85 बीएचपीचं इंजिन आलं. नवं इंजिन अ‍ॅव्हरेजला सरस होतं, हेही सांगितलं पाहिजे. पण चढण तिथेच थांबली. परदेशात त्याच गाडीची स्पोर्ट आवृत्ती पिढ्यानपिढ्या विकली गेली. 2017 सालच्या पिढीत तिला 1,373 सीसीचं, 140 पीएसचं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरून जास्त ताकद काढणारं, इंजिन होतं आणि वजन टनाच्या आत. लांबी चार मीटरच्या आत, फक्त सीसी बाहेर. ती इथे कधीच आली नाही.

हिशेब मांडून पाहू. 2017 मध्ये उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, पण फुटपट्टी तीच राहिली. मापातल्या पेट्रोल गाडीवर उपकर धरून 29 टक्के, आणि मापाबाहेरच्या 1,500 सीसीपर्यंतच्या हॅचबॅकवर त्या सप्टेंबरपासून 45 टक्के. कराआधी 7 लाखांची गाडी धरली तर मापातली 9 लाख 3 हजारांना पडते आणि मापाबाहेरची 10 लाख 15 हजारांना. त्यात महाराष्ट्रातला पेट्रोल गाडीचा वाहन कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के, म्हणजे दुसऱ्या गाडीला पासिंगच्या वेळी आणखी एक टोला. एवढा फरक सोसून स्पोर्ट हॅच घेणारे किती, हा प्रश्न कोणत्याही उत्पादकानं स्वतःला एकदाच विचारला असेल.

पळवाट टर्बोनं काढली. जपानमध्येही छोट्या गाड्यांसाठी लांबीचं आणि 660 सीसीचं (1987 मध्ये 550 सीसीचं) बंधन आहे. तिथे 1987 मध्येच ऑल्टो वर्क्सनं टर्बो बसवून 64 पीएस काढून दाखवले होते. आपल्याकडे तो धडा गिरवायला 2013 उजाडलं. चाकणला बनणाऱ्या पोलोमध्ये सुरुवातीला 1.6 लिटरचं, 105 पीएसचं पेट्रोल इंजिन होतं. ते गेलं आणि जीटी टीएसआय आली: 1,197 सीसी, टर्बो, पुन्हा 105 पीएस. चारशे सीसी कमी, ताकद तेवढीच, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, उलट 153 वरून 175 न्यूटन मीटर. लांबी 3,971. अर्थसंकल्पातल्या व्याख्येला इतकी चोख उत्तरं फार थोड्या गाड्यांनी दिली आहेत.

इथूनच ‘हॉट हॅच’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. युरोपात त्याचा अर्थ साधा आहे: घरची रोजची हॅचबॅक घ्या, मोठं इंजिन बसवा, सस्पेन्शन आवळा, ब्रेक वाढवा, आणि सोमवारी सकाळी पोराला शाळेत सोडायला तीच वापरा. आपल्याकडे यातली एखादी गोष्ट असली तरी जाहिरातीत हॉट येतं. टर्बो आहे, मग हॉट. डबल एक्झॉस्ट आणि लाल रेघ आहे, मग हॉट. डिझेलला 1,500 सीसीची मुभा असल्यानं टॉर्कच्या जोरावर पळणाऱ्या हॅचबॅकही निघाल्या. फिगोचं 1,498 सीसीचं डिझेल इंजिन 100 पीएस आणि 215 न्यूटन मीटर द्यायचं, आणि एक्सप्रेसवेवर तिनं भल्याभल्यांना आरसा दाखवला. पण तिला हॉट हॅच म्हटलं की पेट्रोलवाले नाक मुरडतात. उलट ऑक्टाव्हिया आरएसची मागची काच डिकीसकट उघडते, म्हणजे दाराच्या हिशेबानं ती हॅचबॅकच. तिला मात्र कुणी त्या पंगतीत बसवत नाही. म्हणून मग ‘वॉर्म हॅच’ हा मधला शब्द रूढ झाला. कोमट म्हणायची लाज वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

आता तो 9 सेकंदांचा आकडा. पोलो जीटी टीएसआयचा कंपनीनं सांगितलेला वेळ 9.7 सेकंद. 2018 मध्ये कोइम्बतूरच्या भागीदारासोबत तयार झालेल्या 114 पीएसच्या टाटा टिआगो जेटीपीचा 9.95. आय20 एन लाइनचा, ऑटोमॅटिकमध्ये, 9.9. म्हणजे पहिल्या गोल्फनंतर चार दशकं उलटूनही आपल्या गरम गाड्या तिच्या मागेच. या यादीत अपवाद एकच, रांजणगावला बनलेली फियाटची पुंटो अबार्थ. 2015, इंजिन 1,368 सीसीचं टर्बो, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क, शून्य ते शंभर 8.8 सेकंद, किंमत 9 लाख 95 हजार. लांबी मापात, सीसी मापाबाहेर. वरचा कर भरूनही दहा लाखांच्या आत. दुसरं कुणी इतकं धाडस केलं नाही, आणि हिलाही गिऱ्हाईक तुरळकच मिळालं. त्यामुळे सगळा दोष फुटपट्टीच्या माथी मारणं मलाही जड जातं. बीएस-6 हे धुराचे कडक नियम येण्याआधीच कंपनीनं त्या नावाचा इथला गाशा गुंडाळला.

बाकीच्यांची गतही तीच. 2017 ची बलेनो आरएस, 998 सीसी आणि 102 पीएस, 2020 च्या सुरुवातीला बंद. जेटीपी त्याच वर्षी बंद. पोलो 2022 मध्ये गेली आणि तिच्या सेकंडहँड जीटीला अचानक भाव आला. (घेणाऱ्यानं सात गिअरच्या ऑटोमॅटिकची सर्व्हिस हिस्टरी आधी बघावी, बाकीचं नंतर.) एन लाइन 2021 ची. सुरुवातीला तिला क्लच पेडलशिवायचा गिअरबॉक्स होता, 2023 मध्ये मॅन्युअल मिळाला आणि तेव्हा कुठे ती पुरी झाली. परदेशातली खरी आय20 एन 204 पीएसची होती, ती आपल्या नशिबी नाही. 2024 मध्ये 120 पीएसची अल्ट्रोझ रेसर आली, 9 लाख 49 हजारांपासून.

ज्यांना खरी हवी होती त्यांच्यासाठी आयातीचा रस्ता होता. 2016 मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय आली, 1.8 लिटर, 192 पीएस, जवळपास 26 लाख. पोलोला 26 लाख, हे ऐकून लोक हसले. वर्षभरात किंमत 6 लाखांनी उतरवावी लागली. 2018 मध्ये इथली पूर्ण चाचणी-मान्यता न घेता वर्षाला 2,500 गाड्या आणायची सवलत मिळाली, आणि गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांना वाट झाली. पूर्ण बांधून आलेल्या गाडीवर सीमाशुल्कच 70 टक्के, वर जीएसटी. तरीही गोल्फच्या पहिल्या 150 गाड्या बघता बघता संपल्या. अबार्थच्या वेळी हे गिऱ्हाईक कुठे होतं, असं रांजणगावात कुणी विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर उतरले आणि सगळीकडे पेढे वाटले गेले. मापातली गाडी 18 टक्के, मापाबाहेरची 40, उपकर रद्द. दोन्ही स्वस्त झाल्या हे खरं. पण आधी 29 आणि 45 मध्ये 16 टक्क्यांचं अंतर होतं, आता ते 22 झालं. मघाचीच 7 लाखांची गाडी घ्या: एक 8 लाख 26 हजारांना, दुसरी 9 लाख 80 हजारांना. पूर्वी फरक 1 लाख 12 हजारांचा होता, आता 1 लाख 54 हजारांचा. मोठ्या इंजिनाची हॅचबॅक बनवणं 2006 मध्ये जितकं वेडेपणाचं होतं, त्याहून आज जास्त आहे.

विजेवरच्या गाडीला मात्र ही फुटपट्टी लागत नाही. 2019 पासून तिच्यावर 5 टक्के जीएसटी, लांबी कितीही असो, आणि सीसीचा तर प्रश्नच नाही. 75 पीएसची टिआगो ईव्ही शून्य ते साठ 5.7 सेकंदांत जाते असा कंपनीचा दावा आहे, आणि सिग्नल सुटल्यावर तो पटतोही. वळण आलं की बॅटरीचं वजन आठवतं, ते वेगळं. जर्मनीत आता विजेवरची पोलो येते आहे आणि तिची जीटीआयही जाहीर झाली आहे. ती इथे आयात झाली तर सीमाशुल्क चुकणार नाही. त्या पोलोची लांबी 4,053 मिलिमीटर आहे.